दोन नाण्यांची जाडी

आजींनी ॲप्रनच्या खिशातून क्वार्टरची, म्हणजे पंचवीस सेंटची, दोन नाणी काढली, एकावर एक ठेवली आणि मी लाटलेल्या पिठाच्या कडेला टेकवली. मी वाकून पाहिलं. माझी पारी खालच्या नाण्याच्याही वर येत नव्हती.

"हे परत गोळा कर," त्या म्हणाल्या. "अर्धा तास झाकून ठेव. मग पुन्हा लाटू."

मला वाईट वाटलं. साताऱ्याला आमच्या घरी होळीला आणि बेंदराला पुरणपोळ्यांचा मोठा घाट असायचा. आधी आई लाटायची आणि मी भाजायची, पुढे लाटणं माझ्याकडे आलं. पोळी अशी लाटायची की आतलं पुरण बाहेरून पिवळं दिसावं, पार कडेपर्यंत पोचावं आणि तरी कुठे फुटू नये. कडेला नुसती कणीक राहिली तर पंगतीत कुणी बोलून दाखवत नसे, पण ती कड ताटात तशीच राहायची, आणि ती पाहून आईचा चेहरा उतरायचा. वीस वर्षं हाताला लागलेली ही सवय. त्या हाताला कुणी तरी आता 'जाड लाट' म्हणत होतं.

न्यू जर्सीतल्या बेलव्हिलला आम्ही 2012 साली भाड्याच्या घरात राहायला आलो. नोव्हेंबरमध्ये शेजारच्या परसात गोणपाटात गुंडाळलेलं, दोरीनं आवळलेलं, माणसाच्या उंचीचं काहीतरी उभं दिसलं, आणि त्याच्या डोक्यावर पालथी बादली. चार दिवस मी खिडकीतून त्याच्याकडे पाहत होते. मग कुंपणाशी जाऊन शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना, म्हणजे या आजींना, विचारलं. अंजिराचं झाड होतं ते. दक्षिण इटलीतून आलेल्या माणसांनी सोबत अंजिराच्या फांद्या आणल्या, इथल्या थंडीत त्या जगेनात, म्हणून दर हिवाळ्यात झाडाला असं पांघरूण घालायची रीत पडली. मी आजींना सासवडच्या अंजिरांबद्दल सांगितलं. आमच्याकडेही अंजीर होतं, आणि त्याला पांघरूण लागत नाही, याचं त्यांना फार अप्रूप वाटलं. ओळख झाली ती अशी.

मी त्यांना आजी म्हणायला लागले. शब्दाचा अर्थ सांगितला तेव्हा त्या खूश झाल्या, आणि पुढे फोनवरसुद्धा "मी आजी बोलतेय" असं म्हणू लागल्या.

आजींचा जन्म 1930 सालचा, नूअर्क शहराच्या फर्स्ट वॉर्डमधला. आईवडील दक्षिण इटलीतल्या आवेल्लीनो प्रांतातल्या एका डोंगराळ खेड्यातून आलेले. त्या वॉर्डात आवेल्लीनोकडची माणसं एवढी होती की गल्लीगल्लीत एकेका गावाची वस्ती. त्यांचं सेंट लूसीचं चर्च अजून उभं आहे आणि ऑक्टोबरात तिथे सेंट जेरार्डचा उत्सव अजून भरतो. वस्ती मात्र राहिली नाही. 1950 च्या दशकात शहर सुधारणेच्या नावाखाली वॉर्डाचा मोठा भाग पाडला, तिथे कोलंबस होम्स नावाचे उंच टॉवर बांधले, आणि 1994 मध्ये तेही पाडून टाकले. घरं गेलेली माणसं बेलव्हिल, नटली, ब्लूमफील्ड अशी जवळपासच्या गावांत पांगली. आजी सांगायच्या, घर सोडताना वडिलांनी तीन गोष्टी स्वतः उचलून आणल्या: अंजिराची फांदी, भिंतीवरचा सेंट जेरार्ड आणि पीठ लाटायचा बोर्ड.

तो बोर्ड मी पाहिला, वापरला. आपल्या पोळपाटाच्या सात-आठ पट मोठा, चौकोनी, जाड फळ्यांचा. पुढच्या बाजूला खाली वळलेली एक पट्टी, ती टेबलाच्या कडेला अडकते, म्हणजे जोर लावला तरी बोर्ड सरकत नाही. मधोमध लाकूड इतकं घासलं गेलं होतं की तळहात फिरवला तर उथळ खळगा जाणवायचा. लाटणं म्हणजे झाडूचा दांडा. खरोखरचा, अडीच फूट लांब कापलेला. आजींच्या आईनं लग्नानंतर पहिल्या वर्षी कापून घेतला होता. त्याला मुठी नाहीत आणि मध्ये फुगवटाही नाही. आपलं लाटणं मधे जाड असतं, ते पोळी गोल फिरवतं. हा दांडा सगळीकडे सारखा. हाताखाली तो नुसता पुढे जातो आणि मागे येतो, पीठ फिरवायचं काम तुम्ही करायचं.

स्ट्रॉम्बोली शिकवते, असं म्हणून त्यांनी मला बोलावलं होतं. अमेरिकेत पिझ्झाच्या दुकानात हा पदार्थ सगळीकडे मिळतो: पिझ्झाचंच पीठ आयताकृती लाटायचं, त्यावर चीज, सलामी (खारवून वाळवलेल्या मांसाचा सॉसेज) किंवा भाजी पसरायची, वळकटी करायची आणि भट्टीत भाजायची. बाकरवडीची वळकटी डोळ्यांसमोर आणा, फक्त हातभर लांब आणि मनगटापेक्षा जाड. नाव सिसिलीजवळच्या ज्वालामुखीच्या बेटाचं असलं तरी पदार्थ तिथला नाही. फिलाडेल्फियाजवळ एसिंग्टन गावातल्या रोमानो नावाच्या पिझ्झेरियात 1950 च्या सुमारास तो पहिल्यांदा झाला, असं बहुतेक जण मानतात. वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेनमधूनही तसाच दावा होतो. कॅल्झोने मात्र अस्सल नेपल्सचा. त्या शब्दाचा अर्थ विजारीचा पाय. गोल पारी, अर्ध्यावर सारण, अर्धी दुमडून कड बंद. पहिल्यांदा आजींना कॅल्झोनेची कड बंद करताना पाहिलं तेव्हा मी टाळीच वाजवली. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत कड धरून आत दुमडत जाणारी ती आमच्या करंजीची मुरड होती. करंजीची मुरड घालता येणाऱ्या बाईला कॅल्झोनेत शिकण्यासारखं फार काही नाही.

लाटण्यात मात्र होतं.

पुरणपोळीची कणीक सैल भिजवतात, तेल-पाणी लावून तिंबतात, इतकी की उचलली तर हातातून ओघळावी. पुरण जिथे जाईल तिथे तिनं मुकाट्यानं जावं, हीच तिच्याकडून अपेक्षा. यीस्टचं पीठ तसं नसतं. आजींचं प्रमाण असं: अर्धा किलो ब्रेडचं पीठ, सव्वातीनशे ग्रॅम पाणी, दहा ग्रॅम मीठ, चमचाभर यीस्ट, चमचाभर ऑलिव्ह तेल. त्या हे सगळं कपांनी घ्यायच्या, मी नंतर वजन करून लिहून ठेवलं. रात्री मळून फ्रिजमध्ये ठेवायचं, सकाळी बाहेर काढायचं, दोन गोळे करायचे, झाकायचे आणि दोन तास विसरायचे. या पिठात बारा-तेरा टक्के प्रथिनं असतात, मैद्यापेक्षा जास्त. पाणी मिळालं की त्यातल्या ग्लुटेनिन आणि ग्लायडिनचं जाळं विणलं जातं. ग्लायडिन पसरू देतं, ग्लुटेनिन मागे खेचतं. म्हणून थंड किंवा नुकताच मळलेला गोळा लाटायला घेतला की दांडा पुढे जातो तसं पीठ पुढे जातं, दांडा उचलला की सर्रकन मागे येतं.

माझ्या हातानं अशा वेळी एकच केलं असतं, जोर लावला असता. त्या दिवशी तेच केलं. दाबून दाबून पारी पातळ केली, चारी बाजूंना ताणली, कोपऱ्यांवर तळहात ठेवून धरली. नाण्यांची परीक्षा झाली ती यानंतर.

अर्ध्या तासानं आजींनी कपडा काढला आणि गोळ्यावर बोट दाबलं. खळगा पडला आणि हळूहळू, सावकाश भरून आला. "आता बघ," त्या म्हणाल्या. बोर्डवर पिठी अगदी नावाला भुरभुरली. जास्त पिठी लागली तर वळकटीची शिवण चिकटत नाही, आणि न चिकटलेली शिवण भट्टीत उघडते. गोळा तळहातांनी थापून चपटा केला. दांडा बरोबर मध्यावर ठेवून पुढे नेला, पण कडेच्या बोटभर आधी उचलला. पुन्हा मध्यावर, आणि आता आपल्याकडे. मग पीठ पाव वळसा फिरवलं. कडेवरून दांडा एकदाही गेला नाही. कडेला थोडी जाडी आणि थोडी हवा राहू द्यायची, शिवण तिथेच धरते. चार-पाच वेळा झाल्यावर पीठ जरा मागे यायला लागलं. आजी थांबल्या. दांडा बाजूला ठेवून सिंककडे गेल्या, दोन भांडी विसळली, हात पुसत परत आल्या. तेवढ्या वेळात पीठ पुन्हा नरमलं होतं. शेवटी कोपरे हातांनी, मागून बोटं घालून, हलकेच ओढले. पंधरा इंच लांब, बारा इंच रुंद. खिशातली नाणी पुन्हा बाहेर आली. बरोबर.

एका क्वार्टरची जाडी पावणेदोन मिलिमीटर असते. दोन म्हणजे साडेतीन. एवढा जाड थर आत गुंडाळायचा, हे पाहून मला पुरणपोळीची ती ताटात राहिलेली कोरडी कडच आठवत होती.

त्यामुळे घरी पहिल्यांदा एकटीनं केलं तेव्हा मी माझंच खरं केलं. पातळ लाटलं, वर भरपूर चीज, भरपूर मश्रूम, वाटीभर टोमॅटोचा सॉस. नवरा आणि मुलगी ताट मांडून बसली होती. वीस मिनिटांनी ओव्हनमधून धूर यायला लागला. वळकटी तीन ठिकाणी फाटून सारण ट्रेवर वाहून जळत होतं, आणि उरलेलं कापलं तर तळचा थर ओला, चिकट, कच्चा. सारणातलं पाणी त्या पातळ पारीनं प्यायलं होतं आणि भाजायला तिच्यात काही उरलंच नव्हतं. मुलगी वरवरचं कुरकुरीत तेवढं खाऊन उठली. मी ते सगळं टाकून दिलं. चुलीपुढे बसून निम्मं आयुष्य घालवलेल्या आईची मुलगी मी, आणि घरातली माणसं त्या रात्री भातावर जेवली, याचं दुःख मला बरेच दिवस पुरलं.

आजींना सांगितलं तर त्यांनी आधी विचारलं, "सारण किती घातलंस?" मी हातानं दाखवलं. मग त्या जे बोलल्या त्याच्यामुळे मी हे सगळं लिहायला घेतलं आहे. त्यांची आई सांगायची, की गावी सणाला भरलेला पाव व्हायचा तेव्हा घरात सलामीचा एकच तुकडा असायचा, आणि खाणारी तोंडं नऊ. तो तुकडा बारीक चिरून पावाच्या पोटात असा पसरायचा की प्रत्येकाच्या वाट्याला त्याचा वास तरी यावा. चरबी भट्टीत वितळायची आणि पावात मुरायची. पोट भरायचं काम पावाचं. सलामी त्या पावाला चव लावायला.

मी नंतर त्या काळाबद्दल जमेल तसं वाचलं. 1880 ते 1924 या काळात चाळीस लाखांच्या आसपास इटालियन माणसं अमेरिकेत आली, त्यातली बहुतेक दक्षिणेतली: काम्पानिया, कालाब्रिया, सिसिली, आब्रुत्सो. तिथल्या गरीब शेतकऱ्याच्या घरी मांस सणासुदीलाच दिसायचं. इथे आल्यावर मजुरी करून का होईना, ते आठवड्याला घरात यायला लागलं. भरलेल्या पावाचा सगळा इतिहास मला त्याच्या पारीत दिसतो. जसजशी माणसं स्थिरावली तसतसं सारण वाढत गेलं आणि पीठ पातळ होत गेलं. आज पिझ्झाच्या दुकानातली स्ट्रॉम्बोली कापली की आतून चीज ओघळतं आणि पाव म्हणजे नुसती पिशवी उरते. मला तो प्रकार मनापासून आवडत नाही, आता तर मुळीच नाही. पण तो कुठून आला ते कळतं. ज्यांच्या आजीनं नऊ जणांत एक सलामी वाटली, त्यांच्या नातवंडांनी मूठ सैल सोडली तर त्यांना कुणी नावं ठेवावीत?

पश्चिम व्हर्जिनिया राज्यातला पेपरोनी रोल (पेपरोनी म्हणजे सलामीचाच एक तिखट प्रकार) मात्र अजून जुन्या हिशोबाला धरून आहे. तिथल्या कोळशाच्या खाणींत दक्षिण इटलीतून आलेले पुष्कळ मजूर होते. 6 डिसेंबर 1907 ला फेअरमाँटजवळ मोनोंगा इथल्या खाणीत स्फोट झाला, साडेतीनशेहून जास्त माणसं गेली, त्यांत इटालियन फार मोठ्या संख्येनं होते. अमेरिकेतल्या खाण अपघातांत याहून मोठा अपघात नाही. पुढे त्याच फेअरमाँटमध्ये जुझेप्पे आर्जिरो नावाच्या कालाब्रियाच्या माणसानं, जो स्वतः खाणीत काम करून बेकरीकडे वळला होता, 1927 च्या सुमारास पेपरोनीच्या कांड्या पावाच्या पिठात गुंडाळून भाजायला सुरुवात केली. खाणीत खाली ताट नाही, शीतकपाट नाही, हात काळे. मजूर एका हातात पाव, एका हातात पेपरोनी घेऊन खायचे. आर्जिरोनं दोन्ही एकत्र केलं. मऊ, जाड पाव, आत दोन-तीन कांड्या, आणि भाजताना सुटलेल्या तेलानं नारिंगी झालेला पावाचा गाभा.  2021 मध्ये त्या राज्यानं पेपरोनी रोलला आपलं अधिकृत खाद्य ठरवलं.

आम्ही घरी मांस खात नाही, म्हणून आजींनी मला पुढचा धडा दिला तो 'श्कारोल'चा. खरा शब्द स्कारोला. पण नूअर्कच्या या लोकांनी आपल्या गावची बोली जशी आणली तशी ठेवली, शेवटचा स्वर गिळून टाकायचा आणि कठोर व्यंजन मऊ करायचं. मोझ्झारेलाचं 'मुट्सादेल', रिकोट्टाचं 'रिगोट', कापिकोलाचं 'गाबागूल'. इटलीहून आलेल्या पाहुण्याला हे शब्द कळत नाहीत, असं आजी अभिमानानं सांगायच्या. मला ते ऐकताना माणदेशातल्या मावशीची आठवण यायची. पुण्यात तिला कुणी हसलं तरी तिनं आपली बोली कधी बदलली नाही.

स्कारोला ही कडसर पालेभाजी, दिसायला लेट्यूससारखी, स्वभावानं मेथीसारखी. नेपल्सकडे नाताळच्या आदल्या दिवशी, मांस वर्ज्य असतं तेव्हा, तिचा भरलेला पाव करतात. तिकडे तो गोल असतो, वर-खाली दोन पाऱ्या. आजी मात्र त्याचीही वळकटीच करत. भाजी उकळत्या पाण्यातून काढायची, गार करायची आणि पिळायची. किती पिळायची? मी दोनदा पिळून बाजूला ठेवली. आजींनी तीच भाजी जुन्या पंचात गुंडाळली, एक टोक मला धरायला दिलं, आणि आम्ही दोघींनी उलट बाजूंना पीळ घातला. वाटीभर हिरवं पाणी निघालं. घरचा फसलेला प्रयोग त्या वाटीत मला स्पष्ट दिसला. मग ऑलिव्ह तेलात ठेचलेला लसूण, काळे ऑलिव्ह, केपर, पाइनच्या बिया, मूठभर बेदाणे. त्या एरवी अँचोव्ही नावाचे छोटे खारवलेले मासे घालत, माझ्यासाठी वगळले. परतून पूर्ण गार केलं. गरम सारण यीस्टच्या पिठावर कधी पसरू नये, लगेच पाझरतं.

पारीवर भाजीचा थर एवढा विरळ, की मधूनमधून पीठ दिसत होतं. चारी कडा बोटभर मोकळ्या. लांब बाजूनं गुंडाळायला सुरुवात, घट्ट नाही आणि सैल नाही, अळूवडीचा उंडा करतो तसं. शेवटच्या कडेला पाण्याचं बोट, शिवण खाली. वरून अंडं फेटून लावलं, धारदार सुरीनं चार तिरक्या चिरा, वाफ जायला. चारशे फॅरेनहाइटला अर्धा तास. बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटं कुणी हात लावायचा नाही.

कापला तेव्हा आत गोल गोल फिरत गेलेला पावाचा आणि हिरव्या भाजीचा भोवरा होता. पावाचा प्रत्येक वेढा फुगलेला, भाजीला लागलेल्या बाजूनं तेलानं चकाकणारा, मधे पांढरा आणि हलका. भाजीचा कडूपणा, बेदाण्याचा गोडवा, लसूण, सगळं त्या पावात उतरलं होतं. साडेतीन मिलिमीटर कशासाठी, ते तेव्हा तोंडात कळलं. मुरायलाही काहीतरी जागा लागते.

नंतर दोन-तीन वर्षं दर नाताळात मी त्यांच्याकडे लाटायला जायचे. एक गोष्ट मी पहिल्यापासून पाहत होते. पाव कापला की मधले तुकडे सगळ्यांच्या ताटात जायचे आणि टोकाचा, जिथे सारण पोचलेलंच नसतं, तो आजी स्वतःकडे घ्यायच्या. मला वाटायचं, हे ओळखीचं आहे. आईनं आयुष्यभर फाटलेली पोळी, शेवटची पोळी, पुरण कमी पडलेली पोळी स्वतःच्या ताटात घेतली. 2014 च्या नाताळाला आजी चौऱ्याऐंशीच्या होत्या. गुडघ्यांनी साथ सोडली होती, त्या खुर्चीत बसून सांगत होत्या आणि मी लाटत होते. कापायची वेळ आली तेव्हा मी भाजीनं भरलेला मधला तुकडा त्यांच्या ताटात ठेवला आणि टोक माझ्याकडे ओढलं.

त्यांनी माझं मनगट धरलं.

"कुत्सेतिएल्लो माझा," त्या म्हणाल्या. नेपल्सच्या बोलीत पावाच्या टोकाला हा शब्द आहे. "घरात आम्ही सहा भावंडं, मी सगळ्यात धाकटी. पावाचं टोक थोरल्यांना मिळायचं, सगळ्यात खरपूस असतं ना ते. मला कधी मिळालंच नाही. शेवटचा भाऊ गेला तेव्हापासून तो माझा आहे."

मी टोक त्यांच्या ताटात ठेवलं. त्यांनी ते कापलं नाही, हातानं मोडलं, आणि डोळे मिटून खाल्लं.

मग त्यांनी बोटानं पावाच्या दुसऱ्या बाजूकडे खूण केली. तिकडचं टोक अजून तसंच होतं. मी ते घेतलं. वर खमंग तपकिरी कवच, आत मऊ पाव, पीठ आणि मीठ आणि थोडं तेल, आणि कुठून तरी घरंगळत तिथपर्यंत पोचलेला एक बेदाणा.